कॅमेरा सक्तीचा करावा का? व्हिडिओ बैठकांबद्दल एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळला आहे का हे तुम्हाला पाहता येईल. साठ माणसांची कंपनी, तीन शहरांत तीन कार्यालयं, शिवाय आठ-दहा जण घरून काम करणारे. दिवसाचे चार-पाच तास व्हिडिओ कॉलमध्ये जातात. निम्मे लोक कॅमेरा बंद ठेवतात, बोलणारे तेच दोघं-तिघं, आणि एकदा ठरलेली गोष्ट पुढच्या कॉलमध्ये पुन्हा पहिल्यापासून चर्चेला येते. तुम्ही विचारलंय की कॅमेरा सगळ्यांना सक्तीचा करावा का, आणि तिन्ही कार्यालयांत व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी खास खोली उभारण्यावर खर्च करावा का.

दोन्हींची उत्तरं देतो. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे: ठरलेलं पुन्हा ठरवावं लागतं. बंद कॅमेरे हा त्याचाच परिणाम असावा असा माझा अंदाज आहे. आपण असलो काय, नसलो काय, या बैठकीत फरक पडत नाही हे माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मग तो नावापुरता हजर राहतो आणि दुसऱ्या खिडकीत आपलं काम उरकत बसतो. त्याला कॅमेरा लावायला लावलात तर तेच काम तो चेहरा समोर ठेवून करेल.

मी वीसहून जास्त वर्षं कंपन्यांना अशा बैठकांची व्यवस्था लावून देतो. खोली, उपकरणं आणि बैठक चालवायची पद्धत, तिन्ही. सुरुवात केली तेव्हा आयएसडीएनच्या, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या डिजिटल, लाईन होत्या. ६४ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट नेणारी) एक वाहिनी, अशा सहा जोडून ३८४ केबीपीएसवर कॉल व्हायचा. कॉल महाग, खोली आधीपासून राखून ठेवावी लागायची, त्यामुळे उगाच कोणी कॉल लावत नसे. विषय आधी ठरायचे, कागद आधी फॅक्सनं पोहोचायचे, आणि वेळ संपत आली की सगळे घाईनं मुद्द्यावर यायचे. चित्र आजच्या मानानं फारच वाईट होतं, पण निर्णय व्हायचे. आज कॉल लावायला खर्च येत नाही, आणि विचारही करावा लागत नाही. तुमची अडचण मला इथे दिसते.

म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून करा. गेल्या आठवड्यातला प्रत्येक कॉल घ्या आणि त्याच्यापुढे एक वाक्य पूर्ण करा: ‘हा कॉल संपला तेव्हा अमुक एक ठरलेलं होतं.’ वाक्य पूर्ण झालं नाही, तर तो कॉल माहिती सांगण्यासाठी होता. ॲलन डेनिस, रॉबर्ट फुलर आणि जोसेफ व्हॅलासिच या अभ्यासकांनी २००८ साली ही विभागणी नीट मांडली. संवादात दोन कामं असतात, माहिती पोहोचवणं आणि त्या माहितीच्या अर्थावर एकमत होणं. पहिल्या कामात प्रत्येकाला आपापल्या गतीनं वाचायला, मागे जाऊन पुन्हा पाहायला वेळ लागतो, त्यामुळे ते लेखी चांगलं होतं. दुसऱ्या कामात लगेच उलटप्रश्न विचारता आले पाहिजेत, तिथे समोरासमोर किंवा व्हिडिओवर बोलणं हवं. बहुतेक कंपन्या ही दोन्ही कामं एकाच तासाच्या कॉलमध्ये कोंबतात. चाळीस मिनिटं स्लाइड वाचून दाखवण्यात जातात आणि निर्णयाला शेवटची पाच मिनिटं उरतात.

एका ठिकाणी चौदा जणांचा रोज सकाळी चाळीस मिनिटांचा ‘आढावा कॉल’ होता. हिशेब केला तर रोजचे नऊ तासांहून जास्त मनुष्यतास त्यात जात होते. आम्ही तो बंद केला. प्रत्येकानं दहा वाजेपर्यंत तीन ओळी लिहायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा कॉल, तोही फक्त ‘कुठे अडलंय’ या ओळीवर. पहिले दोन आठवडे लोक लिहायला कंटाळले, वरिष्ठही कुरकुरले. तिसऱ्या आठवड्यात एकानं मला सांगितलं की गोदामाचं नक्की काय अडतं हे त्याला दोन वर्षांत पहिल्यांदाच कळलं, कारण आता ते वाचायला मिळत होतं.

‘पण आमच्याकडे लिहिलेलं कोणी वाचत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पुष्कळ ठिकाणी हीच तक्रार ऐकतो. त्यावर उपाय म्हणजे वाचन बैठकीतच करणं. ॲमेझॉनमध्ये सहा पानांपर्यंतचं टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. तुम्हाला सहा पानांची गरज नाही. एक पान लिहा, पहिली सात-आठ मिनिटं सगळ्यांनी म्यूटवर राहून वाचावं, मग बोलायला सुरुवात. व्हिडिओ कॉलवर ही शांतता सुरुवातीला अवघड वाटते. ती सहन करा.

किती कॉल कमी होतील हे तुमच्या कामावर अवलंबून आहे. कामं एकमेकांत फार गुंतलेली असतील, लोक नवीन असतील, एकमेकांवर अजून विश्वास बसला नसेल, तर बोलणं जास्त लागेल आणि ते तोडू नका. उलट वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या माणसांना दोन ओळींचा निरोप पुरतो.

एक काम मात्र शक्य असेल तर व्हिडिओवर करूच नका: नव्या कल्पना सुचवणं. मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांचा अभ्यास २०२२ साली ‘नेचर’मध्ये आला. जोड्यांनी एकाच खोलीत आणि व्हिडिओवर कल्पना मांडल्या, तेव्हा व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. पाच देशांतल्या अभियंत्यांवरही तेच दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की नजर पडद्यावर खिळते आणि नजरेबरोबर विचारही आवळला जातो. पण सुचलेल्यातून योग्य कल्पना निवडण्याच्या कामात व्हिडिओवरचे लोक मागे पडले नाहीत. म्हणजे नव्या वर्षाच्या आराखड्यासाठी लोकांना एकदा प्रत्यक्ष जमवा, आणि त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं हे नंतर व्हिडिओवर ठरवा. प्रवासाचा खर्च करायचाच तर तो इथे करावा.

आता आवाजाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक बोलत नाहीत याचं अर्धं कारण मला दर वेळी इथेच सापडतं.

चित्र अडकलं तर लोक चालवून घेतात. आवाज तुटला, घुमला, उशिरा आला की काही मिनिटांत ऐकणारे थकतात आणि मग ऐकणं सोडून देतात. याचं कारण साधं आहे. माईक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. भिंतींवरून परतून येणारी घुमण मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप ठेवून दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस पलीकडे विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्याला ते कळत नाही, कारण खोलीतल्यांना तो स्वच्छ ऐकू येत असतो. पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द अंदाजानं भरत बसतो. तासभर हे केलं की डोकं जड होतं. माईक असलेला साधा हेडसेट तोंडापासून चार बोटांवर असतो आणि एवढ्यानंच ही अडचण मिटते.

दुसरी गोष्ट नेटची. आजच्या बहुतेक ॲपमध्ये आवाजासाठी ज्या प्रकारचं कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत) वापरतात, उदाहरणार्थ २०१२ साली मानक झालेलं ओपस, त्याला स्पष्ट बोलण्यासाठी ३० केबीपीएसच्या आसपास पुरतात. एचडी चित्राला एक हजार केबीपीएसहून जास्त लागतात. म्हणजे ज्याचं नेट अशक्त आहे त्यानं कॅमेरा बंद केला तर आवाजासाठी भरपूर जागा मोकळी होते. अशा माणसाला कॅमेरा लावायला सांगणं म्हणजे त्याचा आवाज बंद करणं. आणि नेट तपासताना फक्त डाउनलोड पाहू नका. तुमचा आवाज आणि चित्र अपलोडनं जातं. बऱ्याचदा बाहेरून येणारी लाईन ठणठणीत असते आणि कच खातो तो खोलीतला वायफाय. जिथे जमेल तिथे केबल लावा.

तिसरी गोष्ट उशिराची, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. माणसं बोलतात तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. २००९ साली दहा भाषांची तुलना केली तेव्हा सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच दिसलं. आता कॉलचा हिशेब पाहा. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १० हजार किलोमीटरला ५० मिलिसेकंद. त्यात कॅमेरा, संगणकातली प्रक्रिया, मध्ये लागणारा सर्व्हर, तुटक येणारा आवाज सलग करण्यासाठी राखलेला थोडा थांबा, आणि ब्लूटूथ हेडसेट असेल तर त्याचे आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषणाला बाध येत नाही. त्यापुढे गेलं की गप्प राहण्याची जागाच चुकते. तुम्ही थांबता, पलीकडून काही येत नाही असं वाटतं, तुम्ही पुन्हा सुरू करता, तेवढ्यात त्याचं उत्तर येऊन धडकतं. मग ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’. दोन-तीनदा असं झालं की शांत स्वभावाचा माणूस बोलायचा नाद सोडतो. आणि दोष नेटचा असला तरी मन तो माणसाला लावतं. २०१४ सालच्या एका अभ्यासात उशिरानं ऐकू येणाऱ्या माणसाला लोकांनी कमी लक्ष देणारा ठरवलं होतं.

यावर मी सभापतीला, म्हणजे बैठक चालवणाऱ्याला, दोन सवयी लावतो. एक, ‘कोणाला काही म्हणायचंय का?’ असं हवेत विचारायचं नाही. नाव घेऊन विचारायचं, आणि नाव वाक्याच्या सुरुवातीला घ्यायचं, म्हणजे त्या माणसाला म्यूट काढायला वेळ मिळतो. दुसरी, प्रश्न विचारल्यावर मनात चारपर्यंत मोजायचं. तुमच्या कॉलमध्ये तेच दोघं-तिघं बोलतात ना? चारपर्यंत न थांबणारे ते आहेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता कॅमेऱ्याचं. सरसकट सक्ती करू नका.

लोक सक्तीच्या बाजूनं नेहमी एक आकडा सांगतात, की संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाजात असतो. कदाचित तुमच्याही व्यवस्थापकांनी तो ऐकवला असेल. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द होते आणि प्रश्न एवढाच होता, की शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी विसंगत असतील तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात. व्यवसायातल्या संवादाला तो आकडा लावायला त्या प्रयोगांत कुठलाच आधार नाही. पुरवठ्याची तारीख आणि अटी तुम्ही चेहऱ्यावरून कळवू शकत नाही.

कॅमेऱ्याचा शीण मात्र खरा आहे. २०२१ साली १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात कॅमेरा चालू ठेवण्याचा थकव्याशी संबंध दिसला, आणि स्त्रियांत व कंपनीत नव्यानं आलेल्यांत तो जास्त होता. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी त्याच वर्षी कारणांची मांडणी केली: सगळे चेहरे फार जवळून आपल्याकडेच रोखून पाहत असल्यासारखे दिसतात, स्वतःचा चेहरा सतत समोर राहतो, खुर्चीतून हलता येत नाही, आणि मान डोलावणं, बघणं हेही जाणूनबुजून करावं लागतं. यातल्या दुसऱ्या कारणावर लगेच उपाय आहे. बहुतेक ॲपमध्ये आपलं चित्र आपल्यापुरतं लपवता येतं. सगळ्यांना ते करून दाखवा. मी सांगेपर्यंत निम्म्या लोकांना ही सोय माहीतच नसते.

आणि नुसतं चित्र मिळालं म्हणून लोक खूश होतात हा समज फार जुना आहे. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन, म्हणजे बोलणारा दिसणारा फोन, दाखवला, १९७० साली पिट्सबर्गमध्ये महिना १६० डॉलर भाड्यानं त्याची सेवा सुरू केली, आणि ती चालली नाही. किंमत हे मोठं कारण होतंच. पण प्रत्येक बोलण्यात आपण दिसावं असं लोकांना वाटतही नव्हतं. आजही वाटत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

मग कॅमेरा कधी? माझा रिवाज असा आहे. पाच-सहा जणांपर्यंतची, काहीतरी ठरवायची बैठक असेल तर चालू. ग्राहकाशी किंवा नव्या सहकाऱ्याशी पहिली भेट असेल तर चालू. अवघड बोलणं, म्हणजे तक्रार, नाराजी, कामातली मोठी चूक, असेल तर चालू, आणि ते दोघांतच, गटासमोर कधीही नाही. मोठ्या ऐकण्याच्या बैठकीत फक्त बोलणाऱ्याचा. हे निमंत्रणातच लिहावं, म्हणजे माणूस तयारीनं बसतो. आणि कोणी म्हणालं की आज कॅमेरा लावत नाही, तर कारण विचारू नये. घरात आजारी माणूस असेल, खोली एकच असेल, ते सगळ्यांसमोर सांगायला लावणं अपमानाचं आहे.

ज्यांचा चालू असेल त्यांच्यासाठी थोडंसंच: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर (लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं पुरतात), खिडकी समोर, पाठीमागे नको. महत्त्वाचं वाक्य बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघा. पलीकडच्याला तेव्हाच वाटतं की तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघताय.

तीन कार्यालयं म्हटल्यावर तुमचा सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे मिश्र बैठक, काही जण खोलीत आणि काही पडद्यावर. याबद्दल मला स्वतःचा एक अनुभव सांगायलाच हवा. एका उत्पादन कंपनीत खोलीत सात जण होते आणि गोदाम सांभाळणाऱ्या बाई पडद्यावर एकट्या. ग्राहकाला मालाची तारीख द्यायची होती. खोलीत सगळ्यांनी मिळून तारीख ठरवली, तशी कळवलीही. माल तेवढा नव्हता. त्या बाईंना ते माहीत होतं, त्यांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला होता. पण स्पीकरचा आवाज लहान होता आणि खोलीत एकाच वेळी तिघं बोलत होते. मी त्या खोलीत बसलो होतो, मलाही ऐकू आलं नाही. नंतर त्या मला म्हणाल्या, ‘मला वाटलं तुम्ही ऐकून घेतलंत आणि तरीही ठरवलंत.’ तेव्हापासून मिश्र बैठकीचे नियम मी फार कडकपणे पाळायला लावतो.

बैठक आठ जणांपर्यंतची असेल तर एक जण जरी बाहेर असेल तरी सगळ्यांनी आपापल्या जागेवरून, आपापल्या हेडसेटनं यावं, एकाच कार्यालयात असले तरी. लोकांना हे विचित्र वाटतं, पण सगळ्यांना सारखी जागा आणि सारखा आवाज मिळतो. एकाच खोलीत बसून मात्र दोन लॅपटॉपचे माईक-स्पीकर उघडे ठेवू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी किंवा प्रतिध्वनी सुरू होतो. खोलीत एकच माईक, एकच स्पीकर. खोली वापरावीच लागली तर माईकपासून कोणी दीड मीटरहून लांब बसू नये. खोलीतल्या एकाकडे फक्त पडद्यावरच्या लोकांवर लक्ष ठेवायचं काम द्यावं. कोणी हात वर केला, चॅटमध्ये लिहिलं, तोंड हललं पण आवाज आला नाही, की त्यानं सभापतीला तिथेच थांबवायचं. प्रत्येक विषयावर बोलायची पहिली पाळी पडद्यावरच्यांची. आणि कॉल बंद झाल्यावर दाराशी उभं राहून त्याच विषयावर बोलायचं नाही. बोललंच गेलं तर ते लिहून सगळ्यांना पाठवायचं.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे. ठरलेलं पुन्हा का ठरवावं लागतं? प्रत्यक्ष बैठकीत सगळे एकत्र उठतात, चहा घेताना एकमेकांना विचारतात, ‘म्हणजे आपण सोमवारपासून सुरू करतोय ना?’ या दोन मिनिटांत गैरसमज निघून जातात. व्हिडिओवर बटण दाबलं की खोलीच नाहीशी होते. प्रत्येक जण आपल्याला कळलेला निर्णय घेऊन निघून जातो. साठ माणसांत त्याच्या चार आवृत्त्या होतात.

म्हणून निर्णय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहा. एक साधा दस्तऐवज शेअर करा आणि विषय संपला की तिथेच टाइप करा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि चौथी ओळ, जी जवळपास कोणीच लिहीत नाही: हेच का, आणि कोणता पर्याय सोडला. पुन्हा पुन्हा उघडणारे विषय पाहिलेत तर दिसेल की लोक निर्णय विसरलेले नसतात, त्यामागचं कारण विसरलेले असतात. चौथी ओळ असली की पुढच्या वेळी विचारता येतं, ‘तेव्हा या कारणानं हे सोडलं होतं. त्यात काही बदललंय का?’ बदललं असेल तर विषय जरूर उघडा. नसेल तर पुढे चला. लिहिणारा माणूस सभापतीपेक्षा वेगळा हवा, कारण बोलणं सांभाळणं आणि लिहिणं एकाला एकाच वेळी नीट जमत नाही. लिहून झालं की वाचून दाखवावं आणि ज्याच्या नावावर काम आहे त्याच्या तोंडून ‘हो’ ऐकावं.

आता ॲप आपोआप इतिवृत्त काढून देतात, ते पुरणार नाही का, असंही मला विचारतात. शोधायला ते उपयोगी आहे. पण ते काय बोललं गेलं ते टिपतं, आणि अर्धवट सोडून दिलेली सूचनासुद्धा त्यात निर्णयासारखी दिसू शकते. नावं आणि आकडे चुकतात. त्यावर विसंबू नका. बैठकीचं रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी सांगा आणि संमती घ्या. कितीतरी देशांत कायद्यानंही ते लागतं. शिवाय रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर लोक जपून बोलतात, त्यामुळे मतभेदाच्या बैठका मी रेकॉर्ड करत नाही.

इथवर जे सांगितलं त्याचा क्रम असा: आधी अनावश्यक कॉल काढा, मग आवाज सुधारा, मिश्र बैठकीचे नियम लावा, निर्णय चार ओळींत लिहा. कॅमेऱ्याचं प्रसंगानुसार ठरवा. हे सगळं करायला सहा आठवडे धरा. खोलीचा खर्च त्यानंतर.

खर्चाचा क्रम विचाराल तर पहिले पैसे सगळ्यांच्या तारेच्या हेडसेटवर घाला. मग नेटची केबल आणि वायफाय. मग खोलीसाठी चांगला माईक, आणि त्याच्याबरोबर पडदे, गालिचा, भिंतीवर काहीतरी मऊ. कॅमेरा चौथा, मोठा पडदा सगळ्यात शेवटी. विकणारे हा क्रम बरोबर उलटा सांगतात, कारण पडदा दिसतो आणि गालिचा दिसत नाही. ॲप कोणतंही घ्या, पण तिन्ही कार्यालयांत एकच घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. तुमच्याकडे पैशांचे आदेश व्हिडिओ कॉलवर दिले जात असतील तर ते आजच थांबवा. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं व्हिडिओ बैठकीत आपले वित्तप्रमुख आणि सहकारी पाहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. ते चेहरे आणि आवाज कृत्रिमरीत्या बनवलेले होते. त्या माणसाला आलेल्या ईमेलचा आधी संशय आला होता; ओळखीचे चेहरे दिसले म्हणून तो संशय निघून गेला. तेव्हा नियम करा, की रक्कम किंवा खातं बदलायचं असेल तर कॉल संपवून, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीनंच बदल होईल. हा फोन केल्याबद्दल कोणाही वरिष्ठानं रागवायचं नाही, हे मालकानं स्वतः सगळ्यांना सांगावं.

खोल्यांबद्दल याहून नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, भिंती काचेच्या आहेत की पक्क्या, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण बसतात. काचेच्या खोलीत महागडा माईकही घुमणारा आवाजच उचलतो, तिथे आधी भिंतीचं बघावं लागतं. हे कळवलंत की माईक टेबलावरचा घ्यावा की छताला लावायचा, ते सांगतो.